तिसऱ्यांदा कोरोना झाला, मग लशीने केलं काय?

वाचकाचं पत्र

माझं वय ६१, यजमानांचं ६६. त्यांना पंधरा वर्षांपासून शुगर आहे. मला सप्टेंबर २०२० मध्ये कोरोना झाला तेव्हा पाच दिवस ऑक्सिजनवर होते. नंतर कोव्हिशील्डचे दोन डोस घेतले. जानेवारी २०२२ मध्ये पुन्हा पॉझिटिव्ह आले, तीन दिवस ताप होता. मग बूस्टरही घेतला. आणि आता, मे २०२५ च्या शेवटी, घसा दुखतोय आणि घरच्या किटवर दोन रेषा! परत परत होणारच असेल तर लशीचा उपयोग काय? गोवरासारखी एकदाच घ्यायची लस का करत नाहीत? आमच्या दिरांना तर २०२० मध्ये सव्वा महिन्यात दोनदा निघाला होता, तो काय प्रकार? डेंग्यू दुसऱ्यांदा झाला की जास्त वाईट असतो म्हणतात, तसं याचं आहे का? मुलगा म्हणतो अँटिबॉडी तपासून घे. यजमानांना अजून काही नाही, त्यांचं काय करू?
— एक वाचक, खामला, नागपूर

उत्तर

ताई, पत्रात प्रश्न बरेच आहेत, पण घाईचा एकच आहे आणि तो तुम्ही सगळ्यात शेवटी लिहिलाय. त्यामुळे आधी यजमानांचं बघू, विज्ञान नंतर.

किट पॉझिटिव्ह आलं त्या दिवसापासून सात दिवस वेगळ्या खोलीत राहा. त्यातले शेवटचे सलग तीन दिवस तापाची गोळी न घेता ताप नसला पाहिजे. खोलीतला कूलर खिडकीत बसवलेला असेल तर तो बाहेरची हवा आत ढकलतो, ही नागपूरकरांची मोठी सोय आहे. फक्त हॉलकडचं दार बंद ठेवा आणि दुसरी एखादी खिडकी किंवा बाथरूमची झडप उघडी ठेवा, म्हणजे हवा घरात न शिरता बाहेर निघून जाईल. कूलर खोलीच्या मध्ये ठेवून आतलीच हवा फिरवत असाल तर त्याचा काही उपयोग नाही, आणि बंद खोलीतल्या एसीचाही नाही. ताट द्यायला-घ्यायला दार उघडेल तेव्हा दोघांनीही एन-९५ मास्क लावा. कापडी मास्कवर भागवू नका.

यजमानांचा घसा खवखवला किंवा कणकण वाटली, तर त्याच दिवशी चाचणी आणि त्याच दिवशी डॉक्टर. विषाणूविरोधी गोळ्या लक्षणं सुरू झाल्यापासून पाच दिवसांच्या आत सुरू केल्या तरच त्यांना अर्थ असतो, आणि ‘दोन दिवस वाट पाहू’ म्हणण्यातच ही मुदत निघून जाते. जाताना त्यांच्या रोजच्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं सोबत न्या. निरमाट्रेल्व्हिर-रिटोनाव्हिर ही जोडी कोलेस्टेरॉलच्या काही गोळ्यांचं रक्तातलं प्रमाण धोकादायक वाढवते, म्हणून डॉक्टरांना ती यादी लागतेच. ऑक्सिमीटरवर ९४ च्या खाली आकडा दिसला, किंवा घरातल्या घरात सहा मिनिटं चालल्यावर तो तीनने खाली आला, तर घरी थांबू नका. आणि कोणाच्या सांगण्यावरून स्टेरॉईड देऊ नका. इंग्लंडमधल्या रिकव्हरी चाचणीत रोज ६ मिलिग्रॅम डेक्सामेथासोनचा फायदा झाला तो ऑक्सिजन लागलेल्या रुग्णांना. ज्यांना ऑक्सिजन लागत नव्हता त्यांना झाला नाही. शुगरवाल्याची साखर मात्र त्याने हमखास चढते. २०२१ च्या उन्हाळ्यात काळ्या बुरशीने विदर्भात जे केलं त्यात वाढलेली शुगर आणि अंदाधुंद स्टेरॉईड हीच जोडी मुख्य होती.

किटबद्दलही एक सांगायला हवं. घरगुती किट २ ते ३० अंश तापमानात ठेवायचं असतं, आणि आपल्याकडे मे महिन्यात कपाटातसुद्धा तापमान ३० अंशांच्या आत राहत नाही. गाडीच्या डॅशबोर्डवर दुपारभर राहिलेलं किट तर सरळ फेकून द्यावं. फ्रिजच्या दारात ठेवा, फ्रीझरमध्ये नको, आणि वापरण्याआधी अर्धा तास बाहेर काढा. ‘सी’ रेषा उमटली म्हणजे किट चांगलं आहे असा समज असतो, पण ती रेषा द्रव पट्टीवर नीट पुढे सरकला एवढंच सांगते. स्वॅब नाकात नीट फिरवला की नाही, हे तिला कळत नाही. निकाल पंधरा मिनिटांनी वाचा. वीस मिनिटांनंतर उमटलेली फिकट रेषा धरू नका. यजमानांना ताप असूनही किट निगेटिव्ह आलं तर त्यावर निर्धास्त न होता आरटीपीसीआर करा. स्वॅबची भीती वाटत असेल तर प्रयोगशाळेला गुळण्यांचा नमुना चालतो का ते विचारा. मिठाच्या पाण्याच्या गुळण्यांवरून आरटीपीसीआर करायची पद्धत आपल्या नागपुरातल्याच ‘नीरी’ या पर्यावरण संशोधन संस्थेने २०२१ मध्ये विकसित केली.

आता दिरांची गोष्ट. सव्वा महिन्यात दोनदा, यातलं दुसऱ्यांदाचं बहुतेक खरं नव्हतं. आरटीपीसीआर विषाणूच्या आरएनएचा, म्हणजे जनुकीय द्रव्याचा, तुकडा शोधते, आणि तो तुकडा जिवंत विषाणूतला आहे की मेलेल्या, हे तिला सांगता येत नाही. घशातल्या मेलेल्या पेशींबरोबर असे तुकडे कित्येक आठवडे बाहेर पडत राहतात. दक्षिण कोरियात २०२० मध्ये बरे होऊन पुन्हा पॉझिटिव्ह आलेल्या २८५ जणांचा तपास झाला. त्यातल्या १०८ जणांच्या नमुन्यांतून विषाणू वाढवून पाहिला, एकातही वाढला नाही. जुना रिपोर्ट सापडला तर त्यावर ‘सीटी’ आकडा आहे का बघा. तुकडा दिसायला यंत्राला किती फेऱ्या कराव्या लागल्या, तो हा आकडा. प्रत्येक फेरीत माल दुप्पट होतो. पहिल्या वेळी १८ आणि दुसऱ्या वेळी ३३ असेल तर मधल्या पंधरा फेऱ्यांचा अर्थ असा की दुसऱ्या नमुन्यात विषाणूचा माल साधारण तेहतीस हजार पटींनी कमी होता. म्हणजे उरलासुरला कचरा. (दोन वेगळ्या प्रयोगशाळांचे सीटी आकडे असे शेजारी ठेवून काटेकोर तुलना होत नाही, पण एवढा फरक बोलका असतो.)

याच घोटाळ्यामुळे आयसीएमआरने (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने) पुनर्लागणीची व्याख्या ठरवली: दोन पॉझिटिव्ह चाचण्यांमध्ये किमान १०२ दिवस, आणि मध्ये एक निगेटिव्ह. या मोजपट्टीने २०२० मधले १३०० जण तपासले तेव्हा ५८ जण पुनर्लागणीत बसले, म्हणजे साडेचार टक्के. पण तारखा जुळल्या तरी तो संशयच असतो; खात्री होते ती दोन्ही वेळच्या विषाणूंचा जनुकीय क्रम लावल्यावर. जगातला पहिला पक्का पुरावा हाँगकाँगमधून ऑगस्ट २०२० मध्ये आला. ३३ वर्षांचा पुरुष, मार्चमध्ये आजारी, १४२ दिवसांनी युरोपातून परतताना विमानतळावरच्या तपासणीत पुन्हा पॉझिटिव्ह. या विषाणूच्या जनुकीय क्रमातल्या तीस हजार अक्षरांत महिन्याला सरासरी दोन अक्षरं बदलतात. तोच विषाणू अंगात दबून राहिला असता तर पावणेपाच महिन्यांत नऊ-दहा बदल अपेक्षित होते. निघाले २४, आणि विषाणूची शाखाही वेगळी. म्हणजे नवीन लागण.

या माणसाची पुढची नोंद लस करणाऱ्यांनी जास्त काळजीपूर्वक वाचली. दुसऱ्या लागणीच्या सुरुवातीला त्याच्या रक्तात अँटिबॉडी सापडल्या नाहीत, पाचव्या दिवशी मात्र भरपूर होत्या, आणि मधल्या काळात त्याला साधा खोकलाही आला नाही. अँटिबॉडी संपल्या होत्या, आठवण संपली नव्हती. (उलटंही घडलं. अमेरिकेत नेवाडातल्या पंचविशीतल्या तरुणाला एप्रिलपेक्षा जूनची दुसरी लागण जड गेली. पण असे रुग्ण अपवाद ठरले.)

तुमच्या मुख्य प्रश्नाचं उत्तर याच फरकात आहे. लागण किंवा लस यातून शरीराला दोन वेगळ्या गोष्टी मिळतात. एक, तयार अँटिबॉडी. नाका-घशाच्या ओल्या अस्तरावर त्या असतील तर विषाणू पेशीत शिरायच्या आधीच अडतो. पण तिथलं प्रमाण काही महिन्यांत उतरतं. दुसरी, स्मृतिपेशी. यातल्या बी पेशी नव्या अँटिबॉडी बनवतात, टी पेशी लागण झालेल्या पेशी मारतात. या फार टिकतात. २००३ च्या सार्समधून (कोरोनाच्याच कुळातल्या आजारातून) वाचलेल्यांच्या रक्तात टी पेशींची आठवण १७ वर्षांनीही सापडली. अडचण एवढीच की स्मृतिपेशींना जागं होऊन पूर्ण जोर धरायला तीन ते पाच दिवस लागतात.

हे दिवस विषाणूच्या घड्याळाशी ताडून पाहा. गोवर अंगावर यायला दहा ते चौदा दिवस घेतो आणि त्यासाठी त्याला रक्तातून साऱ्या शरीरात पसरावं लागतं. तोपर्यंत स्मृतिपेशी त्याला सहज गाठतात, म्हणून गोवराची लागण किंवा लस जन्माला पुरते. ओमायक्रॉन तीनेक दिवसांत लक्षणं देतो आणि त्याचं बरंचसं काम नाका-घशातच उरकतं. स्मृतिपेशी येईपर्यंत तुम्हाला सर्दी झालेली असते. मात्र विषाणू फुप्फुसात उतरून न्यूमोनिया करायला आठवडा घेतो, आणि त्या टप्प्यावर त्या वेळेत पोहोचतात. गोवरासारखी लस करता येत नाही यात शास्त्रज्ञांचं कौशल्य कमी पडतंय असं नाही, आजाराची चालच वेगळी आहे.

हे कोरोनाच्या कुळात नवीनही नाही. साधी सर्दी देणारे चार मानवी कोरोना विषाणू आपल्यात आधीपासून फिरतात. १९९० मध्ये इंग्लंडमधल्या एका प्रयोगात स्वयंसेवकांच्या नाकात त्यातला ‘२२९ई’ मुद्दाम टाकला, वर्षाने पुन्हा टाकला. पहिल्या वेळी लागण झालेल्यांपैकी बहुतेकांना पुन्हा लागण झाली, पण सर्दी कोणालाच झाली नाही. ॲमस्टरडॅममध्ये दहा पुरुषांचं वर्षानुवर्षं साठवलेलं रक्त तपासलं तेव्हा याच चार विषाणूंची पुनर्लागण बहुधा वर्षभराने, लवकरात लवकर सहा महिन्यांनी झालेली दिसली. तो लेख २०२० मध्येच छापून आला होता. त्याच वर्षी ‘एकदा लस टोचली की विषय संपला’ असं जे सांगितलं गेलं, ते सांगायला नको होतं. लोकांचा लशीवरचा विश्वास पुनर्लागणीपेक्षा त्या आश्वासनाने जास्त घालवला.

तेव्हाचा ९५ टक्के हा आकडा कसा निघाला तेही बघा. फायझरच्या चाचणीत जवळपास सारख्या आकाराचे दोन गट होते. खोटी लस (औषध नसलेलं इंजेक्शन) घेतलेल्यांत १६२ जणांना लक्षणांसह कोरोना झाला, खरी घेतलेल्यांत ८ जणांना. आठ भागिले १६२ म्हणजे पाच टक्के. शंभरातून पाच वजा, ९५. हिशेब चोख आहे. पण मोजला गेला तो लक्षणांचा आजार, दुसऱ्या डोसनंतर सरासरी दोनेक महिने, म्हणजे अँटिबॉडी शिगेला असताना, आणि मूळ विषाणूविरुद्ध. या तिन्ही अटी पुढे बदलल्या. कोव्हॅक्सिनच्या चाचणीतही हेच दिसतं: लक्षणांच्या आजाराविरुद्ध ७७.८ टक्के, लक्षणं नसलेल्या लागणीविरुद्ध ६३.६ टक्के, आणि डेल्टाविरुद्ध ६५.२. एकाच लशीचे तीन आकडे, कारण प्रश्न तीन.

पुनर्लागणीचे मोठे अभ्यास हाच धडा देतात. डेन्मार्कमध्ये २०२० ची पहिली लागण दुसऱ्या लाटेत ८० टक्के संरक्षण देत होती, पण ६५ च्या पुढच्यांना फक्त ४७ टक्के. यजमानांसाठी हा आकडा लक्षात ठेवा. कतारमध्ये आधीची लागण डेल्टाला ९२ टक्के अडवत होती, ओमायक्रॉनला ५६ टक्केच. ओमायक्रॉनच्या गंभीर आजाराविरुद्ध मात्र संरक्षण ८८ टक्क्यांच्या आसपास टिकलं. आणि तुमच्यासारख्यांचा, म्हणजे लागण आणि लस दोन्ही झालेल्यांचा हिशेब २०२३ च्या सुरुवातीला प्रसिद्ध झाला: वर्षाने पुन्हा लागण होण्यापासून संरक्षण सुमारे ४२ टक्के, रुग्णालयात जाण्यापासून सुमारे ९७ टक्के. नुसत्या लागणीवर राहिलेल्यांना हेच आकडे २५ आणि ७५ च्या आसपास होते.

तुमची तीन आजारपणं ओळीने मांडली तर पाच दिवस ऑक्सिजन, मग तीन दिवस ताप, मग घसा. याचं सगळं श्रेय लशीला देणं बरोबर नाही. ओमायक्रॉन स्वतःच फुप्फुसात कमी उतरतो, आणि एका माणसावरून काही सिद्ध होत नसतं. पण लाखो लोकांच्या आकड्यांत जो उतार दिसतो, त्याच्याशी तुमचा अनुभव जुळतो एवढं नक्की म्हणता येईल.

डेंग्यूची भीती मात्र खुळी नाही; लस करणाऱ्यांनाही २०२० मध्ये तीच होती. डेंग्यूचे चार प्रकार आहेत. एका प्रकाराविरुद्धच्या अँटिबॉडी दुसऱ्या प्रकाराला चिकटतात पण निकामी करू शकत नाहीत, आणि डेंग्यूचा विषाणू ज्या पांढऱ्या पेशींत वाढतो त्या अँटिबॉडीची शेपटी पकडून त्याला आत ओढतात. म्हणून दुसरा डेंग्यू जड जातो. फिलिपिन्समध्ये २०१६ पासून आठ लाखांहून जास्त मुलांना डेंग्यूची एक लस दिली गेली, आणि नोव्हेंबर २०१७ मध्ये कंपनीने सांगितलं की आधी डेंग्यू न झालेल्यांना तिच्यामुळे गंभीर आजाराचा धोका वाढतो. त्याच्याही आधी, साठच्या दशकात, लहान मुलांच्या श्वासमार्गाला त्रास देणाऱ्या आरएसव्ही विषाणूची फॉर्मालिनने मारलेली लस अमेरिकेत दिली होती. लस घेतलेली मुलं नंतर लागण झाल्यावर जास्त आजारी पडली, दोन दगावली. चुकीच्या वळणाची प्रतिकारशक्ती तयार झाली होती.

कोव्हॅक्सिनही मारलेल्या पूर्ण विषाणूची लस. म्हणून तिच्यात फॉर्मालिनऐवजी बीटा-प्रोपिओलॅक्टोन वापरलं, आणि नुसत्या ॲल्युमिनियमच्या जोडीला प्रतिकारशक्ती योग्य दिशेला, टी पेशींच्या ‘टीएच-१’ बाजूला, वळवणारं आयएमडीजी हे द्रव्य घातलं. जुलै २०२० मध्ये या लशीची पहिली मानवी चाचणी देशातल्या मोजक्या ठिकाणी सुरू झाली, त्यात नागपूर होतं. मुख्य फरक असा की कोरोना वाढतो तो श्वासमार्गाच्या अस्तरात, एसीई-२ या दारातून शिरून. डेंग्यूसारखी पांढऱ्या पेशींची वाट त्याला लागत नाही. इतकी वर्षं, इतक्या लागणी आणि इतके डोस झाल्यावरही डेंग्यूसारखा प्रकार दिसलेला नाही. तेव्हा तिसऱ्यांदा म्हणून जास्त वाईट, असा नियम नाही. प्रत्येक लागणीत वय आणि शुगर यांचा स्वतंत्र धोका असतो, हे खरं.

पुनर्लागणीने लस बनवण्याची रीत कशी बदलली, हे थोडं खोलात सांगायला हवं, कारण ‘कायमची लस का नाही’ याचा दुसरा अर्धा भाग तिथे आहे.

पहिला धक्का दक्षिण आफ्रिकेत बसला. नोव्हाव्हॅक्स लशीच्या चाचणीतल्या सुमारे तीस टक्के लोकांच्या रक्तात आधीच अँटिबॉडी होत्या. खोटी लस मिळालेल्या गटात, आधी लागण झालेले आणि न झालेले, दोघांनाही सुरुवातीच्या महिन्यांत कोरोना जवळपास सारख्याच प्रमाणात झाला. पसरला होता बीटा प्रकार. त्याच सुमारास, फेब्रुवारी २०२१ मध्ये, तिथल्या सरकारने ॲस्ट्राझेनेकाची लस (आपल्याकडची कोव्हिशील्ड) थांबवली, कारण बीटाच्या सौम्य-मध्यम आजाराविरुद्ध तिचा परिणाम १०.४ टक्केच निघाला होता. विषाणू बदलतो तिथे लसही बदलावी लागणार, हे तेव्हा ठरलं. ऑक्सफर्डमध्ये पुढे याची उलट बाजू दिसली. आधी लागण झालेल्या ३६ स्वयंसेवकांच्या नाकात मूळ २०२० चा विषाणू मुद्दाम सोडला, मात्रा वाढवत वाढवत पहिल्यांदा लागण करायला पुरली होती त्याच्या दहा हजार पटींपर्यंत नेली, तरी टिकाऊ लागण एकालाही झाली नाही. त्यातल्याच काहींना नंतर बाहेर ओमायक्रॉन झाला.

मग लस बदलू, म्हणून २०२२ मध्ये अर्धी जुनी-अर्धी नवी, मूळ आणि ओमायक्रॉन अशी जोडलस आली. अपेक्षेएवढा फरक पडला नाही. लहानपणी पाटीवर गिरवलेलं अक्षराचं वळण पुढे कितीही पुस्तकं बदलली तरी हातातून जात नाही, तसं प्रतिकारशक्तीचं होतं: नव्या लशीतही ओळखीचा जुना भाग दिसला की स्मृतिपेशी आधी त्याच्याच अँटिबॉडी काढत बसतात. म्हणून मे २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञ गटाने मूळ विषाणू लशीतून पूर्ण काढून फक्त एक्सबीबी.१.५ हा ओमायक्रॉनचा उपप्रकार ठेवायला सांगितलं, आणि एप्रिल २०२४ मध्ये जेएन.१. मे २०२५ मध्ये देशात सापडलेले एनबी.१.८.१ आणि एलएफ.७ त्याच जेएन.१ च्या वंशातले. पुण्याच्या जेनोव्हाची ओमायक्रॉनसाठीची एमआरएनए लस जून २०२३ मध्ये मंजूर झाली. ती पावडर स्वरूपात साध्या फ्रिजच्या २ ते ८ अंशांत राहते आणि सुईशिवाय त्वचेत देतात. आपल्या उन्हाळ्यात उणे ७० अंशांची साखळी सांभाळण्यापेक्षा हे कितीतरी सोपं.

चाचणी घेणंही अवघड झालं. आयसीएमआरच्या जून-जुलै २०२१ च्या पाहणीत देशातल्या ६७.६ टक्के लोकांत अँटिबॉडी होत्या. कोरी पाटी असलेला माणूस मिळेना, आणि लस उपलब्ध असताना कोणाला खोटी लस देणं नीतीत बसेना. मग नव्या लशीने तयार झालेल्या अँटिबॉडींची पातळी जुन्या मंजूर लशीशी ताडून पाहायची, ही रीत आली. कोर्बेव्हॅक्सची तुलना अशीच कोव्हिशील्डशी झाली. ही पद्धत जलद आहे, पण तिच्यात मोजल्या जातात फक्त रक्तातल्या अँटिबॉडी, तेही थोड्या आठवड्यांच्या. टी पेशी आणि नाकाचं अस्तर या तराजूत नीट येतच नाहीत, आणि आमच्या मते आज लसनिर्मितीचं सगळ्यात मोठं दुखणं हेच आहे.

दंडात टोचलेली लस रक्तात अँटिबॉडी भरते, नाकात फार थोड्या पोहोचतात. म्हणून नाकातल्या लशीची धडपड. भारत बायोटेकची इन्कोव्हॅक २६ जानेवारी २०२३ ला आली: प्रत्येक नाकपुडीत चार थेंब, एकूण आठ, म्हणजे अर्धा मिलिलिटर. तिच्यातला वाहक विषाणू चिंपांझीचा आहे, कारण माणसाच्या सर्दीतल्या ॲडेनोविषाणूविरुद्ध आपल्यात आधीच अँटिबॉडी असतात आणि त्या वाहकालाच मारतात. पण नाकाचं अस्तर रोज नको ते झटकायला तयार झालेलं असतं, थेंब तिथे फार टिकत नाहीत. मोठ्या लोकसंख्येत अशा लशीने लागण किती थांबते याचा पुरावा अजून थोडा आहे, त्यामुळे कोणी ‘नाकातली घ्या, मग होणारच नाही’ म्हणालं तर मान डोलावू नका.

राहिली मुलाची सूचना. पैसे वाचवा. प्रयोगशाळा सहसा स्पाइकविरुद्धची, म्हणजे विषाणूच्या अंगावरच्या काट्यांविरुद्धची, अँटिबॉडी मोजते. तीन लागणी आणि तीन डोसांनंतर ती मोठीच येणार आणि त्या आकड्यावरून पुढची लागण टळेल की नाही ते कळत नाही. दुसरी चाचणी विषाणूच्या आतल्या ‘एन’ प्रथिनाविरुद्धची. कोव्हिशील्डमध्ये फक्त स्पाइक आहे, त्यामुळे कोव्हिशील्डवाल्यात ‘एन’ निघालं तर ती लागणीची खूण. कोव्हॅक्सिनवाल्यात तोही अर्थ उरत नाही. यजमानांना नकळत होऊन गेलाय का हे शोधायचंच असेल तर ‘एन’ मागा, पण त्याने उपचारात तसूभरही फरक पडणार नाही. तेच पैसे त्यांची एचबीए१सी, म्हणजे तीन महिन्यांची सरासरी साखर, तपासण्यात घाला.

लशीचं सांगायचं तर तुम्ही आत्ता घेऊ नका. बरं झाल्यावर निदान तीन महिने जाऊ द्या, आणि त्यानंतरही डॉक्टरांनी कारण सांगितलं तरच. यजमानांचं वेगळं आहे. ६६ वय आणि शुगर म्हणजे ते प्राधान्य गटात येतात आणि या गटाला शेवटच्या डोसनंतर सहा ते बारा महिन्यांनी पुन्हा डोस, असा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला आहे. तुमच्या आजारपणाचे दिवस सरले आणि त्यांना काही झालं नाही, तर डॉक्टरांना विचारताना लस कोणत्या प्रकाराविरुद्ध आहे हे मुद्दाम विचारा. मूळ २०२० च्या विषाणूची असेल तर घाई नाही. फ्लूची लस मात्र पावसाळा लागायच्या आत घेऊन टाका त्यांची. जुलै-ऑगस्टमध्ये ताप आला की हा कोरोना, तो फ्लू की डेंग्यू, हे ओळखण्यातच चार दिवस जातात, त्यातलं एक नाव तरी कमी होईल.